केस लावल्यानंतर डोकं धुवायचं की नाही? पहिले दहा दिवस आणि त्यानंतरचं वर्ष

प्रश्न थोडक्यात असा: एफयूई पद्धतीने (डोक्याच्या मागून केसांची एकेक मुळं काढून पुढे बसवण्याच्या) केस लावून आज चौथा दिवस. कपाळाची सूज उतरून डोळ्यांपर्यंत आली आहे. डोक्यावर बारीक काळपट खपल्या धरल्यात आणि खाज सुटते. क्लिनिकने शॅम्पू करायला सांगितलंय, पण आई म्हणते ओल्या जखमेला पाणी लावू नकोस, त्यापेक्षा खोबरेल तेल लाव. कामावर बाइकने जावं लागतं. आणि दीड महिन्यावर लग्न आहे.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. डोकं धुवा, आजच धुवा, पण खाली सांगतो त्या पद्धतीने. तेल लावू नका. सूज दोन-तीन दिवसांत उतरेल, घाबरू नका. बाइक किमान दोन आठवडे बंद. लग्नाचं मात्र जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण नेमक्या त्याच सुमारास तुमचे नवे केस गळलेले असतील आणि हे कुणी आधी सांगितलेलं नसलं तर त्या दिवसांत जीव खालीवर होतो.

केस लावून घेतलेली माणसं पाण्याला भितात आणि नखाला भीत नाहीत. मला रोज दिसणारं चित्र हेच आहे. चार-पाच दिवस डोक्याला थेंबभर पाणी लागू न देणारा माणूस झोपेत डोकं खाजवतो, टी-शर्ट डोक्यावरून ओढून काढतो, आरशासमोर उभा राहून खपली सुटते का ते बोटाने बघतो. ग्राफ्टला, म्हणजे लावलेल्या केसांच्या पुंजक्याला, धोका घासण्याचा आणि ओढण्याचा आहे. हलक्या हाताने ओतलेल्या पाण्याचा नाही.

याचं कारण त्वचेच्या आत काय चाललंय त्यात आहे. डोक्याच्या मागच्या भागातून एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पंचने (गोल, पोकळ पात्याने) काढलेला एकेक ग्राफ्ट म्हणजे एक ते चार केसांचा, मुळासकट निघालेला पुंजका. तो पुढे केलेल्या बारीक छेदात बसवतात. टाका नसतो, गोंद नसतो. सुरुवातीला त्याला धरून ठेवते ती रक्तातली फायब्रिनची जाळी, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारा चिकट धागा. पहिले एक-दोन दिवस ग्राफ्ट भोवतीच्या द्रवातून प्राणवायू आणि पोषण शोषून जगतो. मग हळूहळू बारीक रक्तवाहिन्या त्याच्याशी जोडल्या जातात आणि आठवडाभरात तो आजूबाजूच्या त्वचेत रुजतो.

रुजायला नेमके किती दिवस लागतात हे अंदाजाने सांगण्याची गरज नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट बर्नस्टाइन आणि विल्यम रासमन या डॉक्टरांनी लावलेले केस वेगवेगळ्या दिवशी मुद्दाम ओढून पाहिले आणि निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. पहिल्या दोन दिवसांत केस ओढला की ग्राफ्ट हमखास बाहेर येत होता. सहाव्या दिवशी केस ओढून ग्राफ्ट निघेनासा झाला. पण केसाऐवजी त्याला चिकटलेली खपली ओढली, तर पाचव्या दिवसापर्यंत ग्राफ्ट हमखास जात होता आणि आठव्या दिवसापर्यंत थोडाफार धोका उरत होता. नवव्या दिवशी खपली ओढूनही काही गेलं नाही.

यातली खपलीची गोष्ट महत्त्वाची आहे. सुकलेलं रक्त आणि जखमेतून पाझरलेली लस यांची खपली जितकी जाड आणि कडक, तितकी तिची ग्राफ्टवरची पकड जास्त आणि धोक्याचे दिवसही जास्त. रोज नीट धुतलेल्या डोक्यावर खपल्या पातळ राहतात, मऊ राहतात. न धुतलेल्या डोक्यावर त्यांचं एक कडक कवच तयार होतं. त्याखाली खाज वाढते, घाम आणि धूळ अडकते आणि बारावा-पंधरावा दिवस उजाडला तरी ते निघत नाही. ओल्या जखमेला पाणी लावू नये हा तुमच्या आईंचा सल्ला मोठ्या, शिवलेल्या जखमेच्या अनुभवातून आलेला आहे. त्यांना सांगा की इथले छेद सुईच्या टोकाएवढे आहेत आणि त्यांची तोंडं एक-दोन दिवसांत मिटतात.

आता धुण्याची रीत. क्लिनिकने लेखी सूचना दिल्या असतील तर आधी त्या पाळा. कुणी दुसऱ्या दिवशी पहिली धुलाई क्लिनिकमध्येच करून देतं, कुणी तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायला सांगतं. तत्त्व एकच असतं.

नखं कापा, हात साबणाने धुवा. बादलीवर वाकून डोकं धुण्याची सवय असेल तर ती सध्या सोडा. वाकल्याने डोक्यात रक्त उतरतं, सूजही वाढते. स्टुलावर ताठ बसा, मान किंचित मागे करा, जमलं तर दुसऱ्या कुणाला तरी पाणी ओतायला सांगा. आधी सलाईनचा किंवा कोमट पाण्याचा फवारा मारून दहा-पंधरा मिनिटं खपल्या भिजू द्या. ही पायरी लोक गाळतात, आणि सगळं काम खरं तर तीच करते. मग एका मगमध्ये लहान मुलांचा सौम्य शॅम्पू घालून फेस करा. फक्त फेस ओंजळीत घेऊन लावलेल्या भागावर ठेवा, हलकेच टेकवा. बोटं फिरवायची नाहीत. तीन-चार मिनिटांनी मगने, अगदी जवळून, धार न मारता पाणी ओता. शॉवरचा किंवा नळाचा जोर पहिले दहा दिवस नको. मागच्या भागावर, जिथून केस काढले तिथे, बोटांच्या पेरांनी हलकं चोळलं तरी चालतं.

पाणी किती गरम आहे हे डोक्यावर घेऊन ठरवू नका. भूल आणि छेद यांमुळे डोक्याची त्वचा काही आठवडे, कधी काही महिनेही बधिर असते. चटका बसला तरी कळत नाही. मनगटावर पाणी घेऊन बघा. हेअर ड्रायरची गरम हवा नको ती याच कारणाने. पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल आणि स्वच्छतेची खात्री नसेल, तर पहिला आठवडा उकळून गार केलेलं वापरा. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हाही तसंच.

पुसताना पंचा डोक्यावर फिरवू नका. मानेचं आणि कानामागचं पाणी टिपून घ्या, लावलेला भाग वाऱ्यावर वाळू द्या. दिवसातून एकदा असं धुतलं की पुरे. मधल्या वेळात जागे असताना तास-दोन तासांनी सलाईनचा फवारा. खाजेवर पहिला उपाय हाच, कारण खाज बहुतेक वेळा कोरडेपणाची असते. तरीही राहवत नसेल तर डॉक्टर सेट्रिझिनसारखी गोळी देतात. विशेषतः रात्री ती घेतलेली बरी, कारण झोपेत हात कुठे जातो ते कळत नाही.

सातव्या-आठव्या दिवसापासून बोटांच्या पेरांनी (नखांनी नाही) लावलेल्या भागावर अगदी हलकं गोल फिरवायला सुरुवात करा. दहाव्या दिवसानंतर थोडा जोर वाढवा. बाराव्या ते चौदाव्या दिवशी डोकं स्वच्छ दिसलं पाहिजे. खपलीबरोबर छोटा केस निघून हातात येतो आणि लोक हादरतात, केसाच्या टोकाचा पांढरा ठिपका दाखवायला धावत येतात. रक्त आलं नसेल तर तो नुसता केस आहे. मूळ आतच आहे आणि पुढे त्यातूनच नवा केस येणार आहे. ग्राफ्ट खरोखर निघाला तर ते पहिल्या काही दिवसांत घडतं, त्या जागी रक्त येतं आणि हातात मांसल पुंजका दिसतो. तसं झालं तर स्वच्छ गॉज पाच-दहा मिनिटं हलकं दाबून धरा आणि डॉक्टरांना कळवा. निघालेला ग्राफ्ट स्वतः परत बसवायचा प्रयत्न करू नका. हजार-दोन हजारांतला एखादा गेल्याने दिसण्यात काही फरक पडत नाही.

तेलाबद्दल आग्रहाने सांगतो, कारण आपल्या घरांत डोक्याला तेल घालणं ही मायेची गोष्ट आहे आणि नाही म्हणणं अवघड जातं. ग्राफ्टला पोषण रक्तातून मिळतं. वरून लावलेलं तेल मुळापर्यंत पोहोचून त्याला पोसत नाही. घरातल्या बाटलीतलं तेल निर्जंतुक नसतं, ते लावताना बोटांचा दाब पडतोच, आणि त्या थरात घाम-धूळ धरून पुटकुळ्या येतात. एखाद्याच्या खपल्या दहा दिवसांनंतरही चिवट राहिल्या तर डॉक्टर थोडा वेळ तेल लावून भिजवायला सांगतात. तो वेगळा, मोजका वापर आहे. महिनाभरानंतर केसांना तेलाचा हलका हात लावायला हरकत नाही, चंपी मात्र त्याहून उशिरा. कोरफडीचा ताजा गर, कांद्याचा रस, हळद, शिकेकाई यांतलं काहीही पहिल्या महिन्यात डोक्यावर नको.

आता सूज. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलेबरोबर त्वचेखाली भरपूर द्रव सोडतात. तो गुरुत्वाने खाली सरकतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ आणि चौथ्या दिवशी पापण्या. दिसायला भीतिदायक, पण ग्राफ्टचं यात काही बिघडत नाही. पाठ आणि डोकं तीस-चाळीस अंश वर राहील असं दोन-तीन उशा लावून उताणं झोपा. प्रवासात गळ्याभोवती घालतात ती उशी लावली की मान वळत नाही आणि लावलेला भाग गादीला घासत नाही. असं पहिला आठवडा. बर्फ कपड्यात गुंडाळून भुवयांच्या वर, कपाळावर, दहा मिनिटं. ग्राफ्टवर नाही, आणि बधिर त्वचेवर थेट बर्फ तर कधीच नाही. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा छोटा कोर्स दिला असेल तर तो सांगितल्याप्रमाणे पुरा करा, स्वतः वाढवू नका. मधुमेह असेल तर त्याने साखर वाढते, हे लक्षात ठेवून तपासत राहा.

दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरतं. रक्त पातळ करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या पहिल्या दिवसांत मनाने घेऊ नका. पण हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर तीही मनाने थांबवू नका, ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

सिगारेट आणि तंबाखू दोन्ही बंद. मळून खाणाऱ्यांना वाटतं, धूर नाही म्हणजे चालतं. निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करतं, मग ते धुरातून जावो की गालातून. ज्या दिवसांत ग्राफ्टला नव्या रक्तवाहिन्या जोडल्या जात असतात, त्याच दिवसांत आपण त्या आवळून टाकायच्या, याला काय अर्थ आहे? किमान दोन आठवडे पूर्ण बंद, आणि कायमची सुटली तर फारच उत्तम. दारू आठवडाभर नको.

बाइकबद्दल मी अजिबात तडजोड करत नाही. हेल्मेट घालताना आणि काढताना त्याचं अस्तर केसांवरून घासत खाली-वर सरकतं. पहिल्या दहा दिवसांत याइतकं वाईट दुसरं काही नाही. आणि ग्राफ्ट जपायचे म्हणून हेल्मेटशिवाय गाडी चालवायची, हा पर्याय नाहीच. म्हणून दोन आठवडे बस, रिक्षा, कुणाच्या गाडीतून, जसं जमेल तसं. काही डॉक्टर पुढे तीन-चार आठवड्यांपर्यंतही थांबायला सांगतात. सुरू कराल तेव्हा हेल्मेट सैल, आत धुतलेला सुती रुमाल, आणि दोन्ही हातांनी बाजू फाकवून सरळ वरून ठेवायचं. हेच टोपीचं. सैल, उंच टोपी आठवड्यानंतर चालते. बाहेर उन्हात जाताना ती हवीच, कारण नवी त्वचा उन्हाने काळवंडते आणि बधिर असल्याने भाजतेय हे जाणवतही नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये केस लावणाऱ्यांनी तर तीन महिने दुपारचं ऊन टाळावं. शर्ट बटणांचे घाला. व्यायामशाळा दोन आठवड्यांनी, पोहणं महिन्याने.

मागच्या भागाकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण तो आरशात दिसत नाही. तिथली बारीक छिद्रं आठवड्याच्या आत मिटतात. सांगितलेलं प्रतिजैविक मलम तेवढे दिवस लावा, रात्री उशीवर स्वच्छ सुती कापड रोज बदला. ज्यांनी पट्टी कापून काढण्याची एफयूटी पद्धत केली त्यांचं वेगळं आहे. त्यांचे टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात आणि वजन उचलणं, मान एकदम वाकवणं महिनाभर तरी टाळावं लागतं, नाहीतर व्रण रुंदावतो.

डोक्याच्या त्वचेला रक्तपुरवठा भरपूर असतो, त्यामुळे जंतुसंसर्ग क्वचितच होतो. पण काही गोष्टी दिसल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका: चौथ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढणारी वेदना, पू, दुर्गंधी, ताप, एका बाजूलाच लाल गरम सूज, पंधरा-वीस मिनिटं दाबूनही न थांबणारं रक्त. आणि लावलेल्या भागाच्या मध्यावर निळसर-काळा, पसरत जाणारा पट्टा. तिथला रक्तपुरवठा तुटल्याची ती खूण असू शकते. हे विरळा घडतं, धूम्रपान करणाऱ्यांत आणि मधुमेहींत जास्त, आणि तिथे तास मोजून उपचार करावे लागतात. कुठल्याही गोळीनंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ-घसा सुजला, श्वास लागला, तर क्लिनिकला फोन करत बसू नका, थेट जवळच्या रुग्णालयात जा.

अशा वेळी फोनच्या पलीकडे डॉक्टरच असला पाहिजे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे की केस प्रत्यारोपण हे प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरांचंच काम आहे आणि कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून शिकणं हे त्यासाठी पुरेसं प्रशिक्षण नाही. तुमच्या फोटोंना क्लिनिकमधून ‘सगळं नॉर्मल आहे’ असं उत्तर येत असेल, तर ते देणारी व्यक्ती कोण आहे हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

आता लग्न. दुसऱ्या आठवड्यात डोकं स्वच्छ होईल, खुंटासारखे केस दिसतील आणि तुम्ही खूश व्हाल. साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात ते बहुतेक गळतील. जागा बदलल्याचा धक्का बसला की मुळं विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि वरचा केस टाकून देतात. कधी आजूबाजूचे जुने केसही काही काळ गळतात. म्हणजे दीड महिन्याने, लग्नाच्या दिवशी, तुमचं डोकं शस्त्रक्रियेच्या आधी होतं तसं किंवा त्याहून थोडं विरळ दिसेल, आणि त्वचेवर हलका लालसरपणा असेल. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवायला लागतात, सुरुवातीला बारीक आणि काहीसे कुरळे. खरा फरक सहा ते नऊ महिन्यांत दिसतो, पूर्ण निकाल वर्षाने, आणि टाळूवर मागे लावले असतील तर दीड वर्षही लागतं. लग्नाच्या फोटोंसाठी केस लावायचे असतील तर वर्षभर आधी लावावेत, हे कुणीतरी तुम्हाला पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं.

तरी काळजीचं कारण नाही. दीड महिन्यात ग्राफ्ट पक्के रुजलेले असतात. फेटा बांधता येईल. डोक्यावर आवळून बांधण्यापेक्षा मापाचा तयार फेटा घ्या, आत पातळ सुती टोपी घाला, आणि विधी झाल्यावर काढून ठेवा, कारण तासन्‌तास घाम साचला की पुटकुळ्या येतात. हळद चेहऱ्याला, हातापायांना लावू द्या. डोक्यावर चोळायला नको, एवढं आधीच करवल्यांना सांगून ठेवा. विरळपणा झाकायला मिळणारी केसांची पावडर महिन्यानंतर, डॉक्टरांना विचारून, एखाद्या दिवसापुरती वापरता येते. ती त्याच रात्री शॅम्पूने धुऊन टाका. सलूनमध्ये कात्रीने केस कापायला महिन्यानंतर हरकत नाही. लावलेल्या भागावर मशीन तीन महिने नको. आणि लग्नासाठी वजन उतरवायचं म्हणून कडक उपास किंवा अर्धपोटी राहणं टाळा. अचानक घटलेल्या आहाराने, विशेषतः प्रथिनं कमी पडल्याने, चांगले केसही दोन-तीन महिन्यांनी गळतात. डाळी, अंडी, दूध, मासे, जे घरात चालतं ते पोटभर खा.

दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात डोक्यावर तुरळक पुटकुळ्या येऊ शकतात. नवा केस त्वचेतून बाहेर येताना असं होतं. फोडू नका, कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने शेका. एकदम पुष्कळ आल्या किंवा दुखू लागल्या तर दाखवा.

शेवटी औषधं, कारण ती बंद करणारे बरेच असतात. मागच्या भागातले केस पुढे लावले तरी आपला न गळण्याचा गुण टिकवतात, हे न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली दाखवलं आणि ही सगळी शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. पण मधले तुमचे मूळचे केस तसे नाहीत. ते त्यांच्या गतीने जातच राहतात. म्हणून आधीपासून मिनॉक्सिडिल (केसगळतीवर डोक्याला लावायचं औषध) लावत असाल तर खपल्या पूर्ण निघाल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून परत सुरू करा. त्याआधी लावलं तर त्यातल्या द्रावकाने आग होते. फिनास्टेराइड ही केसगळतीवरची गोळी (१ मिलिग्रॅम) चालू असेल तर बहुधा थांबवावं लागत नाही. लैंगिक इच्छेवर किंवा मनःस्थितीवर परिणाम जाणवला तर लाजू नका, डॉक्टरांशी बोला. मूल हवं असेल तेव्हाही आधी बोला, कारण काहींच्या वीर्यावर याचा परिणाम होतो. आणि घरात हे माहीत असू द्या: गरोदर किंवा गरोदर होऊ शकणाऱ्या बाईने फिनास्टेराइडची तुटलेली वा कुटलेली गोळी हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. गोळ्या त्यांच्या पाकिटातच, वेगळ्या ठेवा.